बोटीचा विमा आणि उतारूचा जीव

स्वाती नक्षत्र म्हटले की आपल्याला शिंपल्यातला मोती आठवतो. सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वीच्या अथेन्समधल्या सावकाराला मात्र स्वातीवरून व्याजाचा दर आठवत असे. डेमॉस्थेनिस या प्रसिद्ध वक्त्याच्या नावावर असलेल्या एका कोर्टातल्या भाषणात एक कर्जरोखा जसाच्या तसा दिलेला आहे. फासेलिस गावच्या दोघा भावांनी तीन हजार द्राख्मा कर्जाऊ घेतले. त्यातून मेंदे इथली तीन हजार बुधले दारू विकत घ्यायची, काळ्या समुद्राकडे नेऊन विकायची आणि परतीचा माल घेऊन अथेन्सला यायचे, असा करार. व्याज हजारी सव्वादोनशे. पण परत निघायला उशीर झाला आणि स्वातीचा तारा पहाटे उगवू लागल्यानंतर, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर, गलबत हाकारले, तर तेच व्याज हजारी तीनशे. कारण त्यानंतर तिकडचा समुद्र खवळतो.

या करारातली सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. गलबत सुखरूप पोचले तरच कर्ज फेडायचे. बुडाले तर सावकाराचे पैसे बुडाले. म्हणजे हे कर्जही होते आणि विमाही होता; सव्वादोनशे आणि तीनशे यांच्यातला फरक म्हणजे शुद्ध वादळाची किंमत. (त्या दोघा भावांनी प्रत्यक्षात तीन हजारांऐवजी साडेचारशेच बुधले भरले, अशी सावकाराची तक्रार होती. म्हणून तर प्रकरण कोर्टात गेले आणि रोखा आपल्याला वाचायला मिळाला. प्रामाणिक माणसांचे करार इतिहासात फारसे टिकत नाहीत!)

हे सगळे मी काढून बसलो त्याला कारण आहे. येत्या हिवाळ्यात आम्ही उभयता आणि सोसायटीतली आणखी चार जोडपी सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझवर निघालो आहोत. आयुष्यभर इतिहास शिकवला, समुद्र मात्र बहुतेक नकाशातच पाहिला. पैसे भरून झाले, आणि मग प्रश्न आला की प्रवास विमा घ्यायचा की नाही. दहा जणांची दहा मते झाली. एक म्हणाले, एवढी मोठी कंपनी, एवढे मोठे जहाज, त्यांचा विमा असणारच की! हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. जहाजाचा विमा असतोच. पण जहाजाचा विमा म्हणजे उतारूचा विमा का? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो आणि बराच मागे गेलो.

आपल्याकडेही समुद्राचा भाव ठरलेला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिले आहेत. शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्माला धरून, व्यापाऱ्यांना पाच पण, रानातून माल नेणाऱ्यांना दहा पण आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. याज्ञवल्क्य स्मृतीतही रानाला दहा आणि समुद्राला वीस हेच आकडे आहेत. गलबत बुडाले तर कर्ज माफ, असे कौटिल्य तिथे म्हणत नाही. पण रानातल्या चोरांपेक्षा समुद्र दुप्पट धोक्याचा, हा हिशेब त्याने मांडून ठेवला आहे. पुढच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात जोखमी हुंडी आली. माल पाठवणारा ती हुंडी लिही, सराफ ती विकत घेऊन त्याला पैसे देई, आणि माल मुक्कामी पोचल्यावर तिथल्या व्यापाऱ्याकडून वसूल करी. माल वाटेत बुडाला तर हुंडीचे पैसे मागायचे नाहीत. अथेन्सच्या रोख्याचीच ही सख्खी बहीण. आणि स्वातीच्या जागी आपल्याकडे नारळी पौर्णिमा. तिच्याआधी कोकणातला शहाणा तांडेल गलबत पाण्यात लोटत नसे. ‘विमा’ हा शब्दही फारसी ‘बीम’ म्हणजे भीती, यावरून आला असे सांगतात. इतके सरळ नाव क्वचितच एखाद्या धंद्याला मिळाले असेल.

विमा आला की लबाडी आलीच. डेमॉस्थेनिसच्याच दुसऱ्या एका भाषणात हेगेस्ट्राटस नावाच्या गलबतमालकाची गोष्ट आहे. त्याने आणि त्याच्या साथीदाराने सिराक्यूजमध्ये दुसऱ्याचाच माल आपला म्हणून दाखवून कर्ज उचलले आणि पैसे परस्पर मार्सेयला पाठवून दिले. आता गलबत बुडाले की कर्ज माफ! अथेन्सच्या वाटेवर दोन-तीन दिवस गेल्यावर हेगेस्ट्राटस रात्री तळघरात उतरून गलबताला भोक पाडू लागला. आवाजाने लोक जागे झाले. पकडला जाणार असे दिसताच त्याने मागे बांधलेल्या होडीवर उडी टाकली, अंधारात होडी चुकली आणि तो बुडून मेला. गलबत मात्र तगले आणि किनाऱ्याला लागले. माणूस बुडाला, गलबत वाचले. पण त्या गलबतावर इतर उतारूही होते, हे भाषणात ओघात येते. मालाच्या पैशांवरून कोर्टात तावातावाने वाद झाला. त्या उतारूंचा जीव त्या रात्री कुणाच्या हिशेबात होता?

कुणाच्याच नव्हता, आणि त्याचे एक चांगले कारणही होते. ऱ्होड्स बेटावरून आलेला एक जुना सागरी नियम रोमन कायद्याने उचलला. वादळात गलबत हलके करण्यासाठी कुणाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी वाटून घ्यायचे. हा नियम आजही जिवंत आहे. २०२१ साली ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात अडकले होते ना, त्याच्या सुटकेच्या खर्चाचा वाटा त्यावरच्या मालाच्या मालकांवर याच तत्त्वाने टाकण्यात आला. तर या वाटणीत कशाकशाची किंमत धरायची, याची चर्चा रोमन पंडितांनी केली आहे. कपडे, अंगठ्यासुद्धा धरायच्या. पण उतारूंचे जीव वाचले त्याचे काय? त्यावर उत्तर असे की स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही. मला हे वाक्य फार मोठे वाटते. पण त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याची गाठ पुढे पडणार आहे.

ज्याची किंमत करता येत नाही त्याचा विमा कसा उतरवणार? त्यामुळे मालाचा आणि गलबताचा विमा वाढत गेला आणि माणूस बाहेर राहिला. जिनोआमध्ये २३ ऑक्टोबर १३४७ या तारखेचा करार आहे, तो उपलब्ध असलेला सर्वांत जुना विमा करार मानतात. ‘सांता क्लारा’ नावाचे गलबत माजोर्काला जायचे होते. गंमत म्हणजे व्याजाला धर्माची बंदी असल्यामुळे तोही बिनव्याजी कर्जाचा खोटा पोशाख घालून आला आहे.

मग प्रवासी काय करत? सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक अजब पद्धत होती. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस जाण्यापूर्वी कुणाला तरी आपले पैसे द्यायचा. परत आला तर तिप्पट, कधी पाचपट घ्यायचे. नाही आला तर पैसे त्याचेच. म्हणजे विम्याच्या नेमके उलट! आपला विमा माणूस गेल्यावर पैसे देतो, हा परत आल्यावर देई. फाइन्स मॉरिसन नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की त्याचा भाऊ हेन्री याने जेरुसलेमच्या प्रवासाला निघताना असे चारशे पौंड लावले होते, परतल्यावर बाराशे मिळायचे होते. दोघे भाऊ निघाले. १५९६ साली सीरियाच्या बाजूला हेन्री वाटेतच आजारी पडून वारला. भाऊ गेला आणि त्याचे चारशे पौंडही गेले. याच पद्धतीने पैसे लावून व्हेनिसला जाऊन आलेला थॉमस कोर्याट पुढे पायी हिंदुस्थानपर्यंत आला, अजमेरला जहांगीरच्या दरबारी पोचला, आणि १६१७ साली आपल्या सुरतेत मरण पावला. हे लोक पैसे लावत ते खर्च निघावा म्हणून. मागे राहिलेल्यांचे काय, हा विचार त्यात नव्हता.

तो विचार प्रथम दिसतो तो चाच्यांच्या भीतीपोटी. उत्तर आफ्रिकेचे चाचे युरोपातली गलबते पकडून खलाशांना आणि उतारूंना गुलाम करत आणि खंडणी घेऊन सोडत. हॅम्बुर्ग शहराने १६२४ साली अशा खलाशांना सोडवण्यासाठी एक निधीच काढला. फ्रान्सच्या १६८१च्या सागरी कायद्यात तर शेजारशेजारच्या दोन कलमांत मोठी मौज आहे. एक कलम म्हणते, माणसाच्या जिवाचा विमा उतरवण्यास मनाई आहे. आणि त्याच्याच आधीचे कलम म्हणते, खलाशी, उतारू वगैरे कुणीही आपल्या स्वातंत्र्याचा विमा उतरवू शकतो. पकडले गेलात तर विमेवाला खंडणी भरून तुम्हाला सोडवील. जिवाची किंमत करायची नाही, पण सुटकेची करायला हरकत नाही! मला विचाराल तर उतारूच्या प्रवास विम्याची सुरुवात इथे आहे. आजच्या पॉलिसीतही ‘आजारी पडलात तर सुखरूप घरी आणून सोडू’ हेच कलम सर्वांत मोलाचे असते, आणि ते या खंडणीच्या कलमाचेच वंशज वाटते.

यानंतर लंडन. एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचे टॉवर स्ट्रीटवर कॉफीचे दुकान होते. १६८०च्या दशकाच्या शेवटी त्याचा उल्लेख सापडू लागतो. जहाजांचे कप्तान, मालक, व्यापारी तिथे जमत. जहाजाचा तपशील लिहिलेला कागद टेबलावरून फिरे आणि ज्याला जितकी जोखीम घ्यायची तितकी रक्कम लिहून तो खाली सही करी. खाली सही करणारा म्हणून ‘अंडररायटर’. इथे लोक कशावरही पैसे लावत. परक्याच्या जिवावर, आजारी पुढाऱ्याच्या जिवावर, आपला संबंध नसलेल्या जहाजावर. एखादे जहाज बुडावे म्हणून काठावर बसून वाट पाहणारे लोक तयार होतात हे ध्यानात आल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने १७४५ साली जहाजांच्या बाबतीत आणि १७७४ साली जिवांच्या बाबतीत कायदा केला. ज्याच्या नुकसानीने तुमचे नुकसान होते त्याचाच विमा तुम्ही उतरवू शकता.

लॉइड्सने १७७९ साली पॉलिसीचा एक ठरावीक मसुदा नक्की केला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा १९८२ पर्यंत वापरात होता. त्यात धोक्यांची एक लांबलचक यादी आहे. समुद्र, आग, शत्रू, लढाऊ जहाजे, चाचे, चोर, राजेरजवाड्यांनी केलेली अटक, खुद्द कप्तानाची लबाडी. चाचे म्हणजे कोण, हे अर्थात सांगणाऱ्यावर अवलंबून. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे आहेत. आपल्या इतिहासात ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल आहेत.

आता त्या ‘स्वतंत्र’ शब्दाकडे येतो. १७८१ साली ‘झाँग’ नावाचे लिव्हरपूलच्या मालकांचे जहाज आफ्रिकेतून गुलाम घेऊन जमेकाकडे चालले होते. वाट चुकली, रोगराई पसरली, पाणी कमी पडले असे सांगण्यात आले, आणि जहाजावरच्या गोऱ्यांनी १३० च्या वर जिवंत माणसे समुद्रात फेकली. का? गुलाम आजाराने मेला तर विमा मिळत नसे. पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला तर भरपाई मिळे. माणशी तीस पौंडांचा विमा होता. परत आल्यावर मालकांनी दावा लावला, आणि पहिल्या सुनावणीत ज्यूरीने तो मान्यही केला! १७८३ साली प्रकरण लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आले आणि फेरसुनावणीचा हुकूम झाला. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही. ओलाउडाह एक्वियानो हा स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे घेऊन गेला, म्हणून ती जगाला कळली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला धार आली. वादळात माल फेकण्याचा तो जुना, शहाणा, न्याय्य नियम. ‘माल’ या शब्दात माणूस बसवल्याबरोबर त्याचे काय झाले पाहा. विम्याच्या इतिहासातले हे पान वगळून पुढे जाणे मला जमत नाही.

याच मॅन्सफील्ड साहेबांचा आणखी एक निकाल आमच्या क्रूझच्या फॉर्मपर्यंत येऊन पोचला आहे. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नराने तो किल्ला परकी शत्रूने घेतला तर भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्ये उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेदार म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तू मला सांगितले नव्हतेस. १७६६ साली मॅन्सफील्ड यांनी निकाल गव्हर्नराच्या बाजूने दिला, पण तत्त्व असे घालून दिले की विमा हा पूर्ण विश्वासाचा व्यवहार आहे. जोखीम ठरवताना ज्या गोष्टी महत्त्वाच्या आणि ज्या फक्त तुम्हालाच माहीत आहेत, त्या लपवायच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी.

प्रवाशाच्या जिवाला आणि हातापायांना स्वस्त विमा मिळाला तो मात्र समुद्रावर नव्हे, रुळांवर. १८४९ पासून इंग्लंडात रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनीची विमा तिकिटे स्टेशनच्या खिडकीवरच मिळू लागली. पहिल्या वर्गाला तीन पेन्सांत हजार पौंड, दुसऱ्याला दोन पेन्सांत पाचशे आणि तिसऱ्याला एका पेनीत दोनशे. हिशेब केलात तर दर पेनीमागे गरिबाला कमी मिळत होते. इंग्लंडातली ही कल्पना पाहून आलेल्या जेम्स बॅटरसनने १८६४ साली अमेरिकेत हार्टफर्डला ‘ट्रॅव्हलर्स’ कंपनी काढली. तिचा पहिला विमा म्हणे एका बँकरने पोस्टापासून घरी जेवायला जाईपर्यंतच्या रस्त्याचा उतरवला, हप्ता दोन सेंट. आपल्या रेल्वेने ऑनलाइन तिकिटाबरोबर २०१६ साली ९२ पैशांत दहा लाखांचा विमा सुरू केला तेव्हा वर्तमानपत्रांनी नवलाईने लिहिले होते. कल्पना पावणेदोनशे वर्षांची आहे.

समुद्रावर मात्र उतारू तसाच राहिला. आमच्या लहानपणी कोकणची बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून बोचकी, आंब्याच्या करंड्या, रडणारी पोरे यांच्यासह चढायचे आणि बोट लागली की कठड्याशी धावायचे. विमा हा शब्द कुणी काढल्याचे मला आठवत नाही. आठवण निघे ती ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७, आषाढ संपत आलेला. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेत कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला बातमी कळली ती पोहून वाचलेल्यांमुळे, पार दुपार उलटल्यावर. भर पावसाळ्यातला समुद्र, खच्चून भरलेली बोट. अथेन्सच्या त्या सावकाराने या फेरीला कोणत्या दराने कर्ज दिले असते, असे मला नेहमी वाटते. महिन्याभराने स्वातंत्र्य आले आणि रायगड जिल्ह्यातल्या कित्येक घरांत ते सुतकाच्या पाठोपाठ आले.

आणि ‘टायटॅनिक’? तिचा विमा लॉइड्समध्ये दहा लाख पौंडांचा होता, हप्ता सुमारे साडेसात हजार पौंड. १९१२च्या एप्रिलमध्ये ती बुडाली आणि महिन्याभरात विम्याचे पैसे चुकते झाले. हे झाले जहाजाचे. उतारूंच्या वारसांनी अमेरिकेत सुमारे एक कोटी साठ लाख डॉलरचे दावे लावले. तिथे १८५१चा कायदा असा होता की मालकाची जबाबदारी अपघातानंतर जहाजाचे जे काही उरले असेल त्याच्या किमतीपुरतीच. टायटॅनिकचे काय उरले होते? काही जीवरक्षक होड्या. त्या आणि भाड्याची रक्कम मिळून सुमारे ९२ हजार डॉलर! अखेर १९१६ साली तडजोड होऊन सहा लाख चौसष्ट हजार डॉलर देण्यात आले. पंधराशे माणसे गेली होती. सोसायटीतल्या आमच्या मित्राचे ‘त्यांचा विमा असणारच’ हे म्हणणे टायटॅनिकपुरते अगदी खरे होते. त्यांचा होता.

त्यानंतर शंभर वर्षांत पुष्कळ बदलले, हेही सांगितले पाहिजे. १९७४ साली अथेन्स शहरात उतारूंबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला (योगायोग पाहा, पुन्हा अथेन्स!). त्याची २००२ मधली सुधारणा २०१४ पासून लागू झाली. तिच्यानुसार जहाज बुडणे, आपटणे, आग लागणे अशा अपघातात मालकाची चूक सिद्ध न करताही उतारूला साधारण साडेतीन लाख डॉलरच्या आसपास मर्यादेपर्यंत भरपाई मागता येते आणि त्यासाठी मालकाला विमा सक्तीचा आहे. अर्थात, ज्या देशांनी हा करार स्वीकारला तिथे. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, चार हजारांवर माणसे जहाजावर होती, ३२ गेली. इजा न झालेल्या उतारूंना कंपनीने खर्चाखेरीज प्रत्येकी अकरा हजार युरो देऊ केले. कुणी घेतले, कुणी कोर्टात गेले.

पण क्रूझवर जाणाऱ्याला बुडण्याची भीती बाळगण्याचे खरे तर कारण नाही. बदललेला धोका दुसराच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ उभी होती. ३,७११ माणसे जहाजावर, बहुतेक उतारू उतारवयाचे, आणि आपापल्या खोल्यांत कोंडलेले. ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. भाडे कंपनीने परत केले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर ६६ जणांना लागण निघाली आणि मुरगाव बंदरात दोन हजार लोक खोळंबले. जहाज धडधाकट, समुद्र शांत, आणि माणूस आजारी. इथे जहाजमालकाची चूक काय? काहीच नाही. म्हणून त्याची जबाबदारीही नाही. बोटीवरच्या डॉक्टरने तपासले तर बिल आपल्या नावावर चढते. भर समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून परक्या देशातल्या हॉस्पिटलात न्यावे लागले तर तो खर्चही आपला. आणि आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी सहसा देशाबाहेर उपयोगी पडत नाही.

एवढे वाचल्यावर माझा हिशेब सोपा झाला. क्रूझ रद्द झाली आणि भाडे बुडाले तर वाईट वाटेल, पण ते आम्ही सोसू. सामान हरवले तर चार कपडे गेले. या दोन गोष्टींसाठी वाढीव रक्कम भरायला मी राजी नव्हतो. मात्र परदेशातल्या अतिदक्षता विभागाचे आठ दिवसांचे बिल आमच्या आयुष्याची पुंजी खाऊन टाकील. तेव्हा उपचार आणि सुटका, या दोहोंसाठी विमा. त्या फ्रेंच कायद्यातल्या कलमासारखाच.

अडचण आली ती फॉर्मच्या तिसऱ्या पानावर. ‘पूर्वीचे आजार’ असा रकाना होता. आमच्या सौभाग्यवतींची सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे. फॉर्म भरून द्यायला आलेला एजंट चांगला मुलगा होता. तो हळूच म्हणाला, “काका, ते नका लिहू. हप्ता वाढतो, कधीकधी पॉलिसीच नाकारतात. आता तर काकू ठणठणीत आहेत ना!” मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, “अहो, खरं काय ते लिहा. तिकडे मला काही झालं तर तुम्ही डॉक्टर गाठणार की यांची कागदपत्रं निस्तरणार?”

आम्ही लिहिले. कंपनीने चार दिवस घेतले, जुने रिपोर्ट मागवले, हप्ता वाढवला. हृदयविकारासाठीची मर्यादाही कमी करून, जिवावर बेतले तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच, असे कळवले. मी ते पत्र दोनदा वाचले. मर्यादा मनासारखी नव्हती, पण ती काय आहे हे निघण्यापूर्वी काळ्यावर पांढरे कळले होते. उरलेल्या फरकाएवढी रक्कम एका मुदतठेवीतून मोकळी करून ठेवली. बाकी चार जोडप्यांपैकी तिघांनी विमा घेतला. चौथे अजून ‘त्यांचा असणारच’ म्हणतात. त्यांना मी टायटॅनिकचे आकडे कागदावर लिहून दिले आहेत.

शेवटी एक रकाना राहिला होता, वारसाचा. आजवर प्रत्येक बँकेत, पोस्टात, कचेरीत माझ्यापुढे तिचे आणि तिच्यापुढे माझे नाव लिहायची सवय. पेन तिच्या नावावर टेकलेही. मग लक्षात आले की या खेपेला दोघेही एकाच बोटीवर असणार. तिथे आम्ही मुलीचे नाव घातले.